जिऱ्याएवढ्या स्फटिकाचा सांधा

सावळाराम शेलारचा हात थरथरत नाही, हे वडगाव रासाईत सगळ्यांना ठाऊक. सुईत दोरा ओवायचा झाला तर म्हाताऱ्या बाया अजून त्याची वाट बघतात. वय सत्तावन्न, चष्मा जाड, पण हात असा की काठोकाठ भरलेली चहाची बशी घेऊन गडी अख्खं अंगण ओलांडंल आन् थेंब सांडायचा नाही. भीमेच्या काठाला वाढलेला हा माणूस दहावीला गणितात आपटला, तवा आण्णानं, म्हंजी थोरल्या भावानं, त्याला दौंडात मोटर वायंडिंगच्या दुकानात नेऊन बसवला. तिथं सहा वर्षं जळक्या मोटरी भरल्या. तिथनं पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत हेल्पर म्हणून चिकटला आन् तेहतीस वर्षांत टेक्निशियन झाला. दौंडात रेल्वे कॉलनीच्या मागं दोन खोल्या. सकाळची गाडी धरून पुणं, संध्याकाळी परत दौंड, रविवारी गाव.

त्याचं काम गावाला कधी नीट कळलं नाही. "सावळ्या थंडी बनवतो," आण्णा सांगायचा. ते अगदीच खोटं नव्हतं. हिलियम नावाचा वायू पातळ करून, त्या थंडीत बारीकसा पदार्थ बुडवून, त्यातनं वीज कशी वाहती हे मोजायचं, असलं ते खातं. शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंश. तिथं पदार्थाला तारा लावून देणं हे सावळारामचं काम. पदार्थ जिऱ्याएवढा. तारा सोन्याच्या, केसापेक्षा बारीक, चार. बाहेरच्या दोन वीज सोडायला, आतल्या दोन मोजायला. मायक्रोस्कोपखाली, सिल्व्हर पेस्टचा ठिपका देऊन त्या चिकटवायच्या. परदेशात शिकून आलेल्या पोरांचे हात तिथं कापायचे. सावळाराम चार तारा पंधरा मिनिटांत लावून चहाला जायचा.

त्या खात्यातली माणसं ज्याच्या मागं लागली होती ती गोष्ट अशी. तारेतनं वीज जाताना थोडी वाटेतच जिरते. कॅनॉलचं पाणी चारीच्या टोकाला येस्तोवर मातीत मुरतं तसंच ते. पण काही धातू लई थंड केले की एका ठराविक थंडीला हे जिरणं खट्‌दिशी थांबतं. एक थेंब वाया जात नाही. याला सुपरकंडक्टिव्हिटी म्हणतात. विजेचे कण तवा एकेकटे चालत नाहीत, जोडीनं चालतात. साध्या धातूत ही जोडी जमवणारा मध्यस्थ कोण, हे शास्त्रज्ञांना कधीचं ठाऊक हाय. धातूच्या अणूंची थरथर. पण काही पदार्थांत मध्यस्थ दुसराच कुणीतरी असतो, आन् तो पुढं येत नाही. पाटसची शितल त्याच मध्यस्थाच्या मागावर होती.

शितलचा बाप ऊसवाला. पोरगी पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या दिवशीच सावळारामला म्हणाली होती, "तुम्ही वडगाव रासाईचे व्हय? माझ्या आईचं माहेर तिथनं दोन कोसावर. मंग तुम्ही मामा." तेव्हापासून मामा. जेवणाच्या डब्यातली अर्धी भाकरी तिची, ठेचा त्याचा.

तिचा पदार्थ टॉपॉलॉजिकल सेमीमेटल जातीचा. धड धातू न्हाई, धड बिनधातू न्हाई. त्याच्या कातडीवर वीज एका तऱ्हेनं वागते, पोटात दुसऱ्या. शितल म्हणायची, "मामा, हे थंडीत गेल्यावर कातडीवरनं बिनतोटा वाहाय लागलं ना, तर नवा मध्यस्थ घावला म्हणून समजा." पाच आठवडे भट्टीत घालून तिनं स्फटिक वाढवले होते. बरेचसे भुगा निघाले. एकच अखंड, चकचकीत, मनासारखा. तो तिनं मंगळवारी डबीत घालून सावळारामच्या हातात दिला आन् म्हणाली, "जीव हाय माझा ह्याच्यात."

"तुझा जीव माझ्या चिमट्यात. जा, जेवून ये," सावळाराम म्हणाला.

तारा लावून झाल्या. फक्त टोकाची एक तार जरा तिरकी बसली होती. कुणाला दिसलीबी नसती. पण सावळारामला तिरकं चालायचं नाही. त्यानं चिमट्यानं ती सरळ केली आन् स्फटिक मधोमध कट्‌कन तुटला. आवाज कुणाला गेला नसंल. त्याला तोफेसारखा आला.

आता इथं उठून सांगितलं असतं तर काही नव्हतं. स्फटिक तुटतात. पण दोन वर्षांमागं राजश्री नावाच्या नव्या पोरीच्या हातनं असाच एक तुटला होता, तवा ह्याच सावळारामनं तिला सगळ्या खात्यासमोर धुतली होती. "नांगर धरला व्हता का चिमटा धरला व्हता?" ती रडली होती. तो पुढं आठवडाभर तिला बघून चिमटा नांगरासारखा धरून दाखवायचा आन् पोरं हसायची. राजश्री आता पलीकडच्याच टेबलावर बसते. त्या मंगळवारी ती तिथंच बसून केळं खात होती.

सावळारामनं मान वर केली नाही. ड्रॉवरमधनं डाख द्यायचं सोल्डर काढलं, सोल्डरिंग आयर्नचं टोक कानशीनं सुईसारखं केलं. मोटरीची तुटलेली तार सांधावी तसे दोन तुकडे टोकाला टोक लावून सांधले. सांधा पक्का व्हावा म्हणून दोन्हीकडं थोडं थोडं सोल्डर पसरवलं. मोडल्या हाडाला पट्टी बांधतात तसं. आन् ते चमकायला लागलं म्हणून त्यावरनं सिल्व्हर पेस्टचा हात फिरवला. ते शेवटचं फिरवताना त्याला कळत होतं की हे सांधणं नव्हं, हे झाकणं हाय.

तासाभरानं, पदार्थ थंडीत उतरत असताना, त्याच्या डोक्यात दुसरी गोष्ट आली. सोल्डरमध्ये शिसं असतं, कथील असतं. सोल्डर स्वतःच सात डिग्रीला सुपरकंडक्टर होतं, म्हंजी त्या शास्त्रज्ञांच्या मापात, ज्याच्याखाली थंडी जातच न्हाई त्या शून्यापासनं सात वर. बाहेरच्या जोडाला सोल्डर असलं तर फरक पडत नाही. आतल्या दोन तारांच्या मधी असलं तर मोजमाप त्याचंच होणार. आन् सांधा तर बरोबर मधीच. तेहतीस वर्षं त्यानं हे पोरांना शिकवलं होतं. मशीन बंद करायला एक बटण होतं. सावळाराम त्या बटणापुढं उभा राहिला, घड्याळ बघितलं, आन् गाडी चुकंल म्हणून निघून गेला.

सकाळी आला तर खात्यात पेढे.

सात डिग्रीला विजेच्या जिरण्याची रेषा धाडकन खाली आली होती. शून्याला पोचली नव्हती, निम्म्यावर थांबली होती. शितलला वाटलं, तेच तर पाहिजे. कातडीवरनं वाहतंय, पोटातनं न्हाई! सुलक्षणा मॅडम, तिच्या गाईड, मात्र कपाळाला आठ्या घालून उभ्या होत्या. म्हणाल्या, "सात म्हटलं की मला शिसं आठवतं. शितल, कॉन्टॅक्टला सोल्डर नाही ना कुठं? विचार आधी."

शितल तोंडात पेढा घेऊनच आली. "मामा, सोल्डर लावलं व्हतं का कुठं?"

राजश्रीनं मान वळवली. निव्वळ वळवली, बाकी काही नव्हतं तिच्या तोंडावर.

"न्हाई," सावळाराम म्हणाला. "सिल्व्हर पेस्ट. नेहमीसारखी."

"मॅडम, मामा न्हाई म्हणतायत!" शितल ओरडली. मॅडमच्या आठ्या गेल्या. सावळाराम न्हाई म्हणतोय म्हणल्यावर त्या खात्यात पुढं कुणी काही विचारत नसे. तेच त्याच्या जिव्हारी लागलं.

पुढं दोन आठवडे खोटं आपोआप वाढत गेलं. चुंबक लावून बघितलं, तर जराशा चुंबकानंच ते मेलं. शितल म्हणाली, नाजूक असंल. त्याच भट्टीतला दुसरा लहान तुकडा मोजला, तर त्यात काहीच उतरलं नाही. शितल म्हणाली, पहिल्यावर बसवताना ताण पडला असंल, ताणानंच ही जोडी जमत असंल, म्हंजी तर आणखीन भारी! जे जे खोटं पाडायला पुढं येत होतं, त्याला ती पोरगी हुशारीनं घरात घेत होती. सावळाराम डबा उघडायचा आन् भाकरी बाजूला सारून पाणी पीत बसायचा.

लेख लिहून झाला. सोमवारी खात्याची बैठक, दुसऱ्या संस्थेची माणसं पडद्यावर येणार, आन् त्याच संध्याकाळी लेख पाठवायचा. शितलनं लेखावर नाव घातलं: तिचं पहिलं, मॅडमचं शेवटचं, आन् मधी सावळाराम शेलार. टेक्निशियनचं नाव लेखावर त्या खात्यात कधी लागलं नव्हतं.

हे तिनं फोनवर आपल्या बापाला सांगितलं, बापानं आण्णाला, आन् आण्णा सोसायटीचा चेअरमन. रविवारी सकाळी सत्कार ठरला.

सरूबाईनं, सावळारामच्या बायकोनं, त्याला पांढरा शर्ट दिला तर तो म्हणाला, "डोकं दुखतंय. जाऊ नये वाटतंय."

"अवं, आयुष्यात कवा न्हाई ते लोकं हार घालायल्यात, आन् तुमचं डोकं दुखतंय?" सरूबाई म्हणाली. "चला गुमान. मी नवं लुगडं नेसलेय ते काय डोक्याला बाम लावाय?"

सोसायटीच्या दारात फ्लेक्स. त्यावर सावळारामचा लग्नातला फोटो, कारण आण्णाकडं दुसरा नव्हता, आन् खाली मोठ्या अक्षरात 'गावचा थंड शास्त्रज्ञ'. सावळारामनं मान खाली घातली ती खुर्चीवर बसेपर्यंत वर केली नाही. लोकांना वाटलं, किती नम्र माणूस.

आण्णा माईकवर म्हणाला, "ह्यो माझा भाव दहावीला नापास झाला तवा मी ह्याला नको नको ते बोललो व्हतो, हाणला बी व्हता. आज मी ते शब्द मागं घेतो. हाणलेलं काय मागं घेता येत न्हाई." लोक हसले. मागनं एक म्हातारा ओरडला, "सावळाराम, ते मशीन आपल्या डेअरीत बसवलं तर दूध किती दिस टिकंल?"

"आप्पा, दूध दगुड व्हईल," सावळाराम कसंबसं बोलला. पुन्हा हशा.

मग शितल उठली. पाटसहून बापासंगं आली होती. म्हणाली, "आमच्याकडं करोडोची मशीनं हायती. पण मशीन खोटं बोलतं, वायर खोटं बोलती, कंप्युटर खोटं बोलतो. मॅडमला शंका आली तवा त्यांनी मशीनला न्हाई विचारलं, मामांना विचारलं." टाळ्या पडल्या. शाल अंगावर आली, नारळ हातात आला. सावळारामला त्या शालीखाली घाम फुटला. समोर सरूबाई पदर तोंडाला लावून रडत होती, आनंदानं. त्या दोन मिनिटांत त्याला जमीन फाटावी असं नाही वाटलं. त्याला वाटलं, राजश्री इथं असती तर बरं झालं असतं. तिनं उठून चिमटा नांगरासारखा धरून दाखवला असता, आन् सुटलो असतो.

जेवणं झाल्यावर शितल म्हणाली, "मामा, तुम्ही पहिली मोटर इथंच भरली म्हणताव ना? दावा की मला." तो तिला नदीवर घेऊन गेला. पंप जुना, पत्र्याच्या खोलीत. शितलनं स्टार्टरचं झाकण काढून आत बघितलं. आत तारेचा एक जोड होता, काळा पडलेला, पण धडधाकट.

"ह्यो तुमचा?"

"व्हय. दौंडात शिकत व्हतो तवाचा."

"चाळीस वर्षं टिकलाय!" ती बोट फिरवत म्हणाली. "सोल्डर असावं तर असं. मामा, तुमच्या हाताचा सांधा तुटतच न्हाई का वो?"

सावळाराम पंपाच्या कट्ट्यावर बसला. शाल अजून अंगावरच होती. ती काढून त्यानं घडी केली, मांडीवर ठेवली, आन् शालीकडं बघतच बोलला.

"तुझा स्फटिक तुटला व्हता."

"कुठला?"

"त्योच. त्या मंगळवारी. माझ्या हातनं तुटला. मी सोल्डरनं सांधला. वरनं पेस्ट लावली. सात डिग्रीला उतरलं ते सोल्डर उतरलं. तुझा पदार्थ न्हाई."

नदीपलीकडं कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता.

आता शितल रडंल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं. तिनं विचारलं, "किती लांबीवर?"

"आतल्या दोन तारांच्या मधलं... निम्मं असंल."

"म्हणून निम्म्यावर थांबलं," ती स्वतःशीच म्हणाली. "चुंबकाचं बी जुळतंय. दुसऱ्या तुकड्यात न्हाई दिसलं, ते बी जुळतंय. सगळं जुळतंय की वो." तिच्या आवाजात राग नव्हता, हिशेब होता. तो राग असता तर बरं होतं. "सोल्डर कंचं? साठ कथील, चाळीस शिशाचं?"

"व्हय."

"मी तुम्हाला विचारलं व्हतं, मामा."

"व्हय."

"पेढा तोंडात व्हता माझ्या. मी विचारलं व्हतं."

"राजश्री बघत व्हती," सावळाराम म्हणाला, आन् हे कारण तोंडातनं बाहेर पडल्यावर किती हलकं हाय ते त्याला स्वतःलाच ऐकू आलं. शितलनं त्याच्याकडं बघितलं, स्टार्टरचं झाकण लावलं, चारी स्क्रू पिळून घट्ट केले, आन् बापाच्या गाडीकडं एकटीच चालत गेली. जाताना मामा म्हणाली नाही.

सोमवारची गाडी सावळारामला लई लवकर पुण्याला पोचल्यासारखी वाटली.

बैठकीच्या खोलीत बारा-पंधरा माणसं, भिंतीवर पडदा, पडद्यावर दुसऱ्या संस्थेची तिघं. सावळाराम मागच्या भिंतीला टेकून उभा. शितल उठली. डोळे सुजलेले, आवाज मात्र सरळ. "लेख मागं घ्यावा लागंल. नमुन्यात सोल्डर हाय. उतरलं ते सोल्डरचं. बसवल्यावर मायक्रोस्कोपखाली मी तपासायला पाहिजे होतं, ते माझं राहिलं."

एवढंच. सावळारामचं नाव नाही.

मॅडम सुटल्या. "राहिलं? शितल, दोन आठवडे आपण जगाला सांगायला निघालो होतो! पहिल्या वर्षाची पोरगी हे बघते. सात म्हटल्यावर मी विचारलं होतं की नाही? तू काय सांगितलंस मला?"

"मी सांगितलं, न्हाई म्हणून," शितल म्हणाली. खाली बघत.

ते खरं होतं. तिनंच तर येऊन सांगितलं होतं. मामा न्हाई म्हणतायत, यातला पहिला शब्द तिनं आज गिळला. सावळारामला कळलं की आपण गप्प राहिलो तर हे असंच राहणार. गाव म्हणणार शास्त्रज्ञ, खातं म्हणणार भला माणूस, आन् पाटसची पोरगी आयुष्यभर बेफिकीर ठरणार. काल तिला एकटीला सांगताना वाटलं होतं, आता मोकळा झालो. कुठला मोकळा! नदीवर कुणी ऐकत नव्हतं तिथं बोलला होता.

"मॅडम," तो म्हणाला. "तिनं मला विचारलं व्हतं. मी खोटं बोललो. स्फटिक मी तोडला, सोल्डर मी लावलं, वरनं पेस्ट लावून झाकलं बी मीच. तिला कालपतोर ठाऊक नव्हतं."

राजश्री दुसऱ्या रांगेत होती. ती वळून बघंल म्हणून सावळाराम वाट बघत राहिला. ती वळली नाही. तिनं आपल्या वहीवर पेन ठेवलं आन् वहीकडंच बघत बसली. तिनं हसावं म्हणून तयार होऊन आलेला माणूस, ती हसली नाही म्हणून जागच्या जागी बारीक झाला.

"का?" मॅडमनी विचारलं.

"लाज वाटली."

मॅडमनी चष्मा काढला. नमुना आणायला सांगितला. पडद्यावरच्या माणसांना दाखवायला पाहिजे होता. मायक्रोस्कोप कॅमेऱ्याला जोडला. आता वरची पेस्ट पुसून काढायची, ॲसिटोननं, सांधा न मोडता. खोलीत हे करू शकणारा हात एकच होता. कुणी त्याचं नाव घेतलं नाही, पण सगळे थांबले, तवा सावळाराम पुढं गेला.

कापसाच्या बोळ्याच्या टोकानं त्यानं पेस्ट पुसली. भिंतीवर स्फटिक खळ्याएवढा दिसत होता. राखाडी पेस्ट गेली आन् खालचं सोल्डर उघडं पडलं. गुळगुळीत, एकसारखं, कडेला एक काटा न उभा राहिलेलं. पडद्यावरनं दुसऱ्या संस्थेतला एक जण सहज म्हणाला, "जॉइंट मात्र फार सुंदर केलाय हो. आमच्याकडं कुणाला जमणार नाही."

माणसाचा काही वाईट हेतू नव्हता. सावळारामला गावच्या टाळ्या, शाल, फ्लेक्स हे सगळं सोसलं होतं. हे सोसलं नाही. त्यानं खाली बघितलं आन् आयुष्यात पहिल्यांदा चिमटा त्याच्या हातात थरथरला. भिंतीवर तो चिमटा वाशाएवढा होऊन थरथरत होता, आन् सगळे बघत होते.

शितल उठून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. चिमटा काढून घेतला नाही, हात धरला नाही. म्हणाली, "सोडवा."

त्यानं सोल्डरिंग आयर्न तापवलं, टोक लावलं. सोल्डर पातळ झालं, सांधा सुटला, स्फटिक त्या मंगळवारी दुपारी होता तसा दोन तुकडे झाला. शितलनं दोन कोऱ्या डब्या पुढं ठेवल्या, वर चिकटवायच्या चिठ्ठ्या ठेवल्या, पेन ठेवलं. सावळारामनं एकेक तुकडा एकेका डबीत घातला. मग त्या मंगळवारची तारीख घातली, त्याखाली लिहिलं, 'तुटला', आन् त्याखाली आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. दुसऱ्या चिठ्ठीवरबी तेच लिहिलं. अक्षर वाकडं आलं होतं, पण त्यानं ती चिठ्ठी बदलली नाही.